पेढ्याची संकष्टी

मंगल कार्यालयाच्या दारात चपलांचा ढीग पडला होता आणि आत मुंगीला शिरायला वाव नव्हता. पौषातली संकष्टी, संध्याकाळची वेळ आणि हाडांत शिरणारी थंडी. अशा वेळी शहाण्या माणसानं घरी रजई पांघरून बसावं. पण क्रांती चौकापासून सिडकोपर्यंतचे सगळे शहाणे त्या दिवशी एक उंदीर जिवंत होताना बघायला आले होते.

“उंदीर म्हणू नका हो,” दारातला स्वयंसेवक येणाऱ्या प्रत्येकाला बजावत होता. “मूषकराज म्हणा. पाप लागतं.”

मूषकराज तांब्याच्या ताटात पडले होते. तळहातावर मावेल एवढा, पेढ्याच्या रंगाचा हॅमस्टर. शेपूट नावापुरतं, डोळे मिटलेले, पाय पोटाशी आवळलेले. ताट पुढच्या रांगेतून फिरवलं गेलं. ज्यानं त्यानं बोट लावलं आणि झटकन मागे घेतलं. अंग थंडगार होतं. एका निवृत्त कंपाउंडरनं त्याचा पाय चिमटीत धरून नाडी पाहिली आणि गंभीरपणे मान हलवली. उंदराची नाडी कुठे लागते, हे त्याला कुणी विचारलं नाही.

मग ताट बद्रीनाथ महाराजांसमोर आलं. महाराजांच्या पुढ्यात निखाऱ्यांची शेगडी होती, तिला धुनी म्हणायचं. मांडीवर जाडजूड भगवी घोंगडी होती, तिला कवच म्हणायचं. महाराजांनी मूषकराजांना उचललं, घोंगडीच्या घडीत अलगद ठेवलं आणि माइक तोंडाशी ओढला.

“मृत्यू म्हणजे काय? श्वासानं टाकलेली रजा! रजा मंजूर कोण करतो? वरचा साहेब! आणि मंजूर झालेली रजा रद्द कोण करतो?”

“सद्गुरू!” सभागृह गरजलं.

“डॉक्टर काय म्हणतो? गेला, घेऊन जा. मी काय म्हणतो? थांब लेका, कुठं चाललास! डॉक्टरची शाळा जिथं सुटते, तिथं माझी भरते. लावा जप!”

जप सुरू झाला आणि चांगला लांबला. लोकांचे घसे बसले, आयांच्या मांडीवर पोरं झोपली, धुनीत पुन्हा पुन्हा निखारे पडले, तरी महाराजांचा हात काही खाली येईना. शेवटी त्यांनी घोंगडी उलगडली. आधी मिशा हलल्या. मग एक पाय ताणला गेला. सगळं अंग थरथर कापलं आणि काळ्या मण्यांसारखे डोळे उघडले. मग जो गलका झाला तो विचारू नका. बायकांनी डोळ्यांना पदर लावले, कंपाउंडरनं लोटांगण घातलं, आणि मागच्यांना काहीच दिसलं नसल्यामुळे ते सर्वांत जास्त ओरडले.

“आता सायन्सला विचारू,” महाराज म्हणाले. “सायन्स कुठं लांब नाही, आपल्या मंडपातच बसलंय. या बाई.”

सरोजिनी उठली. शहरातल्या एका जुन्या शाळेत ती विज्ञान शिकवायची, आणि मूषकराज तिच्याच घरचे. अंगावर महाराजांनी पांघरलेली शाल होती. माइक हातात आला तेव्हा आवाज वर्गातला होता, खणखणीत.

“मी विज्ञानाची शिक्षिका आहे. माझा कशावर सहजासहजी विश्वास बसत नाही. पण गेल्या संकष्टीला हा जीव माझ्या हातात गार पडलेला होता, आणि महाराजांनी तो उठवला. आज मी अगदी जवळ बसले होते. महाराजांच्या मांडीपाशी ऊब लागते, ती मला जाणवली. ते तेज आहे. याचं उत्तर माझ्या पुस्तकात नाही.”

टाळ्यांचा असा कडकडाट तिनं जन्मात ऐकला नव्हता. वर्गात अख्खी पचनसंस्था फळ्यावर काढली तरी कुणी टाळी वाजवत नाही. इथे दोन वाक्यांत लोक तिच्या पाया पडायला लागले, आणि ते तिला बरं वाटलं. ते बरं वाटणंच पुढे तिला सगळ्यात जास्त जाळणार होतं. उत्तर तिच्या पुस्तकात होतं. नुसतं होतं असं नाही, ती ते दरवर्षी मुलांकडून पाठ करून घ्यायची.

पण हा उंदीर देवपदाला पोचला कसा, ते आधी सांगायला हवं.

सरोजिनीच्या मुलीचं नाव भानुमती. नाव पणजीचं, वय दहा. वाढदिवसाला तिनं हॅमस्टर मागितला आणि बापानं, केशवनं, तो आणून दिला. भानूनं त्याचं नाव पेढा ठेवलं. पेढा तिच्या खोलीत खिडकीच्या आतल्या बाजूला, पुस्तकांच्या आणि जुन्या स्वेटरच्या शेजारी पिंजऱ्यात राहायचा. दिवसभर झोपायचा, अंधार पडला की चाकावर धावायचा, गालात मक्याचे दाणे कोंबून कोपऱ्यात साठा करायचा. त्याचं बरं चाललं होतं.

एके दिवशी सरोजिनीच्या सासूबाई, ज्यांना घरात सगळे माई म्हणत, त्याच्याकडे बघून म्हणाल्या, “अगं, हे तर गणपतीचं वाहन! आणि आपण त्याला पोरीच्या पुस्तकांत ठेवलंय?”

झालं. पिंजरा देवघरात गेला, संगमरवरी पाटावर. खाली गार फरशी, वर घंटा, समोर उदाचा धूर. भरदुपारी शेजारणी दर्शनाला यायच्या, त्याला झोपेतून उठवायच्या, मोदकाचा वास लागलेली बोटं पिंजऱ्यात घालायच्या. आणि पेढा एकाएकी पालटला. चाकावर चढेना. दिवसभर पिंजऱ्याच्या तारा कुरतडत बसला. ज्यानं कधी कुणाला ओरखडा काढला नव्हता, त्यानं माईंच्या बोटाला कडकडून चावा घेतला.

“आई, त्याला तिथे आवडत नाही गं,” भानू म्हणाली.

घरात एवढं एकच माणूस बरोबर बोलत होतं, आणि ते लहान असल्यामुळे त्याच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. माईंनी आपलं निदान केलं. स्वामीचा संकष्टीचा उपास आणि वाहन मका चघळतंय, हे कसं चालेल? म्हणून कोप झालाय. तेव्हा मार्गशीर्षातल्या संकष्टीला पेढ्यालाही उपास घडवायचा ठरला, चंद्रोदयापर्यंत. पहाटे त्याला पैठणहून आणलेल्या गोदावरीच्या पाण्यानं स्नान घालायचं ठरलं. पाणी तांब्यात रात्रभर गार पडलं होतं. माईंनी पेढ्याला धरलं आणि पाणी सरोजिनीनं ओतलं. एवढंसं जनावर भिजून आणखी एवढंसं झालं. तिला क्षणभर वाटलं, कोमट करून घ्यायला हवं होतं. पण देवाधर्माच्या कामात सुनेनं उगाच तोंड घालू नये, म्हणून ती बोलली नाही.

संध्याकाळी भानूची किंकाळी ऐकू आली. पेढा गार होऊन पडला होता.

माईंचं तर अवसानच गेलं. संकष्टीच्या दिवशी, देवघरात, वाहन मेलं! शेजारणींनी सुचवलं, पलीकडच्या गल्लीत बद्रीनाथ महाराज आलेत, त्यांच्याकडे न्या, निदान दोष तरी काढतील. महाराजांनी दोष काढायला म्हणूनच पेढ्याला घोंगडीत घेतलं आणि धुनीशी बसून मंत्र पुटपुटू लागले. मंत्र चांगले लांबलचक होते. मध्येच घोंगडी हलली. खरं सांगायचं तर त्या वेळी सगळ्यांत जास्त महाराजच दचकले असतील. पण धंद्यात मुरलेला माणूस दचकला तरी तसं दिसू देत नाही. त्यांनी डोळे मिटले आणि हात वर केला. नंतर मात्र माईंना बाजूला घेऊन सगळं खोदून खोदून विचारलं. काय खाल्लं होतं? आंघोळ कशानं? कुठे ठेवला होता? आणि जाताना सांगितलं, “पुढच्या संकष्टीला हाच सोहळा जनतेसमोर. आदल्या रात्रीपासून कडकडीत उपास. पहाटे स्नान, दुपारी स्नान, थंड पाण्यानं. मग झाकणाच्या तांब्याच्या डब्यातून आणा.”

हे नियम ऐकून कोणाच्याही मनात शंका यावी. सरोजिनीच्या मनात आली नाही. व्रत म्हटलं की नियम असायचेच, एवढंच तिला वाटलं.

पौषातल्या सोहळ्यानंतर दोन दिवसांनी शाळेतला शिपाई बन्सी प्रयोगशाळेच्या दारात घुटमळला. फुलंब्रीहून रोज एसटीनं येणारा, सरळ स्वभावाचा माणूस.

“बाई, एक इचारू का? राग नाय ना येणार?”

“विचार ना.”

“ते मेलेलं उंदीर उठलं म्हणत्यात. तुमी सोताच्या डोळ्यानं पाह्यलं?”

“पाहिलं.”

“मेलेलंच व्हतं?”

“अरे, माझ्या हातात होतं. नुसतं लाकूड झालं होतं.”

“मंग झालं,” बन्सीनं मोठा श्वास सोडला. “दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर म्या नसता इश्वास ठिवला. तुमी सायन्सच्या बाई. आमच्या पोरीला, साळूला फिट येती, तुमाला ठावं हाय. रोज गोळ्या चालू हायेत. लई वर्सं झाली. महाराज म्हणले, गोळ्या आन् अंगारा एका घरात नांदत नाय. गोळ्या बंद कर, अंगारा चालू कर. काय करू?”

सरोजिनीला माहीत होतं. फिटच्या गोळ्या एकदम थांबवायच्या नसतात, हे तिला चांगलं माहीत होतं. जिभेवर आलंही होतं. पण मग महाराजांवर विश्वास नाही असा त्याचा अर्थ झाला असता, आणि परवाच तर ती माइकवर बोलली होती. तेवढ्यात तासाची घंटा झाली.

“बघ बाबा,” पुस्तकं उचलत ती म्हणाली. “तुझी श्रद्धा.”

या दोन शब्दांनी किती घरं बुडाली असतील याचा कुणी हिशोब ठेवलेला नाही. म्हणणारा मोकळा होतो, ऐकणारा अडकतो.

पुढच्याच आठवड्यात एकदा ती शाळेतून घरी आली तर भानू अंथरुणात बसलेली, स्वेटरची बटणं गळ्यापर्यंत लावलेली.

“आई, पेढा परत मेला होता,” ती कुजबुजली.

“काय?”

“माई कीर्तनाला गेल्या होत्या. देवघराची खिडकी उघडी राहिली होती आणि वाटीतलं खाणं संपलं होतं. तो परत तसाच गार पडला होता. मी रडले. मग त्याला स्वेटरच्या आत घेऊन बसले, पोटाशी. खूप वेळ बसले. आणि आई, तो उठला! मी मंत्र पण नाही म्हटला. मला येतच नाही.”

स्वेटरच्या गळ्यातून पेढ्याचं नाक बाहेर आलं आणि हवा हुंगू लागलं.

सरोजिनी पलंगाच्या कडेला बसली. वर्गात इतकी वर्षं म्हटलेलं वाक्य तिच्या डोक्यात आपोआप सुरू झालं. थंडी वाढली आणि अन्न मिळेनासं झालं, की काही प्राणी शरीराची कामं मंदावून मेल्यासारखे पडून राहतात. ऊब मिळाली की पुन्हा हालचाल करू लागतात. रिकाम्या जागा भरा, एक गुण. मुलांनी ‘शीतनिद्रा’ची वेलांटी चुकवली तर ती अर्धा गुण कापायची.

या जागी तिनं पोरीला जवळ घ्यायला हवं होतं. शाबासकी द्यायला हवी होती. ती म्हणाली, “हे कुणाला सांगू नकोस हं.”

“का?”

“नको म्हटलं ना.”

भानूनं पेढ्याचं नाक पुन्हा स्वेटरच्या आत ढकललं. पेढ्यानं काही चुकीचं केलं की आपण, हे तिला कळेना.

मनाची समजूत पटावी म्हणून, खरं तर हे खोटं ठरावं म्हणून, सरोजिनी दुसऱ्या दिवशी पेढ्याला घेऊन जनावरांचे डॉक्टर अनंतराव यांच्याकडे गेली. म्हातारा माणूस, तिरकस बोलायची सवय. त्यांनी पेढ्याला तपासलं, सगळी हकिगत ऐकली आणि चष्मा पुसला.

“उंदराच्या अंगात देव येत नाही बाई, थंडी येते. उपाशी ठेवलंत, भिजवलंत, गार फरशीवर ठेवलंत. आतली शेगडी मंद करून तो पडून राहिला. काळीज इतकं हळू चालतं की हाताला लागत नाही, श्वास दिसत नाही. ऊब दिली की थरथरत उठतो. पण दर वेळी उठेलच असं नाही. एखाद्या वेळी राहील तसाच.”

“आणि तो चावायला लागला, ते?”

“दिवसा झोपणाऱ्या जनावराला घंटा वाजवून उठवलंत. नाकात धूर घातलात. खाण्याच्या वासाची बोटं पुढे केलीत. मी असतो तर मीही चावलो असतो. जनावर एकाएकी वेगळं वागलं की त्याच्यात काय शिरलं ते शोधू नये. त्याच्याभोवती काय बदललं ते शोधावं. पिंजरा पहिल्या जागी ठेवा, झालं.” मग ते सहज म्हणाले, “शीतनिद्रेचाच प्रकार हा. तुम्ही शिकवतच असाल.”

“हो,” सरोजिनी म्हणाली. तिचे कान तापले.

पिंजरा भानूच्या खोलीत गेला. माईंना तिनं सांगितलं की डॉक्टरांनी हवापालट सांगितलाय. आणि बाकी कुणाला काहीच सांगितलं नाही. पुढच्या संकष्टीला काहीतरी कारण काढून पेढ्याला न्यायचं नाही, मग लोक विसरतील, आपोआप सगळं मिटेल, असा तिचा बेत होता. बन्सी व्हरांड्यात दिसला की ती वहीत डोकं घालायची. तो गोळ्या देत असेल, असं ती स्वतःला सांगायची. लेकराचा बाप आहे, एवढा वेडा नसेल. रोज ती हेच सांगायची, आणि रोज विचारायचं टाळायची. विचारलं असतं तर कळलं असतं ना.

माघातल्या संकष्टीच्या दिवशी सकाळी बन्सी शाळेत आला नाही. मुख्याध्यापकांनी सांगितलं, त्याच्या मुलीला घाटीच्या सरकारी दवाखान्यात आणलंय. फिट आली ती थांबेचना. घरच्यांनी आधी कांदा हुंगवला, चप्पल हुंगवली, अंगारा लावला, आणि मग गाडी बघितली.

सरोजिनी रिक्षानं घाटीत पोचली. साळू नळ्या लावून पडली होती. ओठ दातांखाली येऊन फाटलेला, कपाळावर अंगाऱ्याचे जाड पट्टे अजून तसेच. तिची आई आशाबाई भिंतीशी बसून होती, डोळे कोरडे. बन्सी सरोजिनीला बघून धावत आला आणि त्यानं हात जोडले.

“बाई, देवासारख्या आल्या! महाराजाला इथं आणता येतंय का बघा ना. तुमचं ऐकत्यात ते. उंदीर उठिवला, माझी पोर बी उठिवतील. डाक्टर म्हणत्यात, शुद्धीवर आल्याबिगर काय सांगता येत नाय.”

त्या जोडलेल्या हातांकडे तिला बघवेना. पळून जावंसं वाटलं. जमिनीत जायची सोय असती तर ती गेली असती.

“बन्सी, तो उंदीर मेला नव्हता.”

“आँ?”

“मेलाच नव्हता. उपासानं आणि थंडीनं तो तसा पडतो. ऊब दिली की उठतो. महाराजांनी काही केलं नाही. माझ्या भानूनंही उठवला.”

बन्सीनं विचारलं, “तुमाला कवा कळलं?”

खोटं बोलायची ती शेवटची संधी होती. आत्ताच कळलं, असं म्हटलं असतं तर त्यानं विश्वास ठेवला असता.

“बरेच दिवस झाले.”

“आन् तुमी मला रोज बघत व्हत्या.”

त्यानं जोडलेले हात सोडले आणि तो पोरीच्या उशाशी जाऊन बसला. आशाबाईनं ओला फडका घेऊन साळूच्या कपाळावरचा अंगारा पुसायला सुरुवात केली.

संध्याकाळी मंगल कार्यालय पुन्हा तुडुंब भरलं होतं. कीर्ती पसरली होती. वाळूजमधले कामगार शिफ्ट संपवून आले होते. बरोबर आजारी माणसं होती, औषधांच्या पिशव्या होत्या, त्या महाराजांच्या पायाशी ठेवून जायच्या होत्या. स्वयंसेवकानं सरोजिनीला बघून वाट करून दिली. तिच्या मागे केशव होता आणि भानू होती, छातीशी पिंजरा धरून. महाराजांचा चेहरा उजळला.

“आले, मूषकराज आले! डबा कुठं आहे बाई?”

“डबा आणला नाही,” सरोजिनीनं माइक हातात घेतला. “आज त्याचा उपास नाही आणि आंघोळही नाही. तो पोटभर जेवून, कोरडा आणि उबदार आलाय. म्हणून आज तो मरणार नाही.”

सभागृहात कुजबुज उठली. महाराज हसले. “बाईंना थकवा आलाय. बसा बाई, बसा.”

“महाराजांना विचारा,” ती सभागृहाकडे वळून म्हणाली. “मेलेलं उठवता येतं, तर आधी उपाशी ठेवायला का सांगतात? गार पाण्यानं दोन वेळा आंघोळ का घालायला लावतात? हा प्राणी थंडीत उपाशी राहिला की मेल्यासारखा पडतो. मी हे वर्गात शिकवते. जप लांबतो तो देवासाठी नाही, त्याचं अंग तापायला वेळ लागतो म्हणून. आणि मी ज्याला तेज म्हणाले होते ते...”

ती पुढे झाली आणि तिनं घोंगडीला हात घातला. महाराजांनी घोंगडी मांडीखाली दाबली. ते आजवर एवढ्या चपळाईनं कधी हलले नव्हते. ओढाताणीत घडी सुटली आणि आतून काहीतरी गुबगुबीत, भगव्या फडक्यात गुंडाळलेलं, बदकन खाली पडून डुचमळलं. फडकं सुटलं.

“अरं!” पुढच्या रांगेतली एक म्हातारी ओरडली. “ही तर कंबर शेकायची रबरी पिशवी! माझ्याकडं बी हाय की!”

कुणीतरी फसकन हसलं आणि मग कुणालाच आवरेना. महाराज म्हणाले, “तेजाला पात्र लागतं!” पण माइक सरोजिनीच्या हातात असल्यामुळे ते वाक्य मागेपर्यंत पोचलं नाही. स्वयंसेवक आपापल्या चपला शोधायला लागले. कंपाउंडर पिशवीला बोट लावून, गरम आहे, असं सगळ्यांना सांगत सुटला. तरी दोन-चार जण महाराजांच्या भोवती कडं करून उभे राहिले आणि पिशवीतसुद्धा त्यांचीच कृपा आहे म्हणाले. असेही लोक असतात. केशवनं पोलिसांना फोन लावला.

“हसू नका,” सरोजिनी म्हणाली. “ऐका आधी. याच माइकवरून मी म्हणाले होते की मी विज्ञान शिकवते, म्हणून माझ्यावर विश्वास ठेवा. मी काही तपासलं नव्हतं. तपासायला काय लागणार होतं? एक गरम पिशवी आणि थोडा वेळ. माझ्या दहा वर्षांच्या मुलीनं नकळत तपासलं आणि मला खरं सांगितलं, तर मी तिला गप्प केलं. कारण मला लाज वाटत होती. माझ्या शब्दावर एका बापानं पोरीच्या गोळ्या बंद केल्या. ती आत्ता घाटीत आहे. तुमच्यापैकी ज्यांनी औषधं थांबवली असतील त्यांनी आज, इथून थेट डॉक्टरकडे जा. आणि यापुढे कुणीही चमत्कार दाखवला, तर आधी विचारा, कसा केला? पुन्हा करून दाखवा, आमच्या पद्धतीनं, आमच्या घोंगडीत. सांगणारा किती शिकलेला आहे ते बघू नका. मी शिकलेलीच होते.”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. एक जण म्हणाला, “बाई, धाडस केलंत.” तिला ते शब्द सोसवेनात. मागच्या वेळच्या टाळ्याही अशाच होत्या. एका बाईनं महाराजांच्या पायाशी ठेवलेली आपल्या नवऱ्याची औषधांची पिशवी परत उचलली आणि पदराखाली घेतली. घरी जाताना भानूनं विचारलं, “आई, आता सांगितलं तर चालेल ना?” तिनं पोरीला जवळ घेतलं आणि म्हणाली, “माझं चुकलं गं. तू तेव्हाच सगळ्यांना सांगायला हवं होतं, मी नको म्हटलं तरी.”

साळू दुसऱ्या दिवशी शुद्धीवर आली. बोलणं जड होतं, उजवा हात नीट उचलत नव्हता, पण आईला ओळखलं. सरोजिनी जेवणाचा डबा घेऊन गेली तेव्हा वॉर्डात डॉक्टरीणबाई फेरीवर होत्या. तरुण होत्या आणि घाईत होत्या. त्यांनी गोळ्यांचं पाकीट बन्सीच्या हातात दिलं आणि पुढच्या खाटेकडे वळल्या.

“थांबा,” बन्सी म्हणाला. “ही गोळी काय करती?”

“फिट येऊ देत नाही.”

“कशी?”

डॉक्टरीणबाई थांबल्या. त्याच्या तोंडाकडे बघून त्या परत आल्या आणि खाटेच्या कडेला बसल्या. मेंदूतून निघणाऱ्या लहरी, त्यांचा एकदम उडणारा गोंधळ, गोळी तो कसा दाबून ठेवते, हे त्यांनी सोप्या शब्दांत सांगितलं. बन्सी विचारत राहिला. मधीच बंद केली तर काय हुतं? पोट बिघडलं तर द्यायची का? किती वर्सं? हे तुमाला कसं ठावं, कुणावर करून बघितलं? आशाबाईही उठून जवळ येऊन उभी राहिली.

“आधी एवढं कधी विचारलं नाहीत?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

“आधी माणसाचं तोंड बघून इश्वास ठेवायचो,” बन्सी म्हणाला.

त्यानं सरोजिनीकडे एकदाही वळून बघितलं नाही. ती डबा हातात धरून दाराशीच उभी राहिली. तो विचारत होता तो प्रत्येक प्रश्न तिनं विचारायला हवा होता.